दुसरी हाक

रोहा,
श्रावणातली मंगळवारची दुपार

प्रिय विष्णुपंत,

तुमची मेल मिळाली. तीन ओळींत तुम्ही आपली तीन वर्षं गुंडाळून ठेवलीत. 'माझ्याकडचा मजकूर तपासून सुश्रुतला पाठवला आहे, गणपती झाले की मुलीकडे, इशिताकडे बडोद्याला कायमचा जात आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.' सहकार्याबद्दल! मी काय पतपेढी आहे? दोनदा वाचली, चष्मा पुसून आणखी एकदा वाचली, मग लॅपटॉप मिटला आणि भिजलेले वाल पुढ्यात घेऊन बिरडं सोलत बसले. अर्धी टोपली सोलून होईपर्यंत मी तुमच्यावर चिडलेली होते. पुढची अर्धी सोलताना रडू आलं. प्रतिक्षाने, म्हणजे माझ्या सुनेने, विचारलं तेव्हा सांगितलं की कांदा आहे. कांदा अजून टोपलीतच होता.

कोलाडला तुम्ही मला एक गोष्ट विचारलीत आणि मी उत्तर दिलं नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही तुमच्या परीने लावलात आणि आता पेण सोडून निघालात, एवढं मला कळतं. मेलला मेलने उत्तर देता आलं असतं, पण तिथे मीही तुमच्यासारखी काटछाट करत बसले असते. म्हणून हाताने लिहिते आहे. लांबेल. चहा करून घ्या, आणि कृपा करून लाल पेन हातात धरून वाचू नका.

आपलं काम सुरू झालं तो दिवस आठवतो का? सुश्रुतने आपल्याला पेणच्या वाचनालयात बोलावलं होतं. मी रोह्याहून वेळेआधी पोचले होते, तुम्ही दहा मिनिटांच्या अंतरावरून उशिरा आलात आणि आल्या आल्या पंखा बंद करायला लावलात, कागद उडतील म्हणून. कागद कुठले? सुश्रुतने तर सगळे फोटोच आणले होते. दोनशे वर्षांपूर्वी आमच्या खाडीचा बांध फुटून भातशेतात खारं पाणी घुसलं, माणसं अडकली, आणि पाणी ओसरल्यावर सरकारी कारकुनाने गावोगाव बसून लोकांच्या जबान्या लिहून घेतल्या. त्या मोडी जबान्या कुणालाही घरबसल्या संगणकावर वाचता याव्यात अशी सुश्रुतच्या संस्थेची इच्छा. तुम्ही भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले, मोडी तुमच्या रोजच्या सवयीची. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, मोडी उतारवयात हौसेने शिकलेली. तेच पान तुम्ही पेणला उतरवायचं आणि मी रोह्याला, एकमेकांना न विचारता, अशी पद्धत. मग संगणक दोन्ही प्रती ताडून पाहणार, आणि जिथे जुळत नाही तिथे पिवळा रंग लावणार. ते पिवळे डाग मिटवायला आपण कासूला भेटू लागलो. निम्मा रस्ता तुमचा, निम्मा माझा, हे तुम्हीच ठरवलंत. कासूच्या फलाटावरच्या बाकावर लॅपटॉप उघडून भांडणारे दोन म्हातारे पाहून तिथला भजीवाला आपल्याला नवरा-बायको समजायचा. तुम्ही एकदा त्याला दुरुस्त केलंत. मी केलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसेल.

सगळ्यात जास्त पिवळं व्हायचं ते एकच शब्द लागोपाठ दोनदा आला की. सुश्रुतचा नियम मला पहिल्या दिवसापासून आवडला होता. दुसरा शब्द पुसायचा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना खूण करायची, तो तिला टॅग म्हणतो, आणि सांगायचं की हा शब्द कारकुनाच्या हातून चुकून पडला की त्याने मुद्दाम लिहिला. चुकून पडलेला पडद्यावर फिका दिसतो, वाचणाऱ्याला नको असेल तर बटण दाबून लपवता येतो. मुद्दाम लिहिलेला ठळक राहतो. पान उलटताना आपला कारकून हमखास घसरायचा. खालच्या ओळीत शेवटी 'तेव्हां' लिहायचा, शाई वाळायची वाट बघायचा, पान उलटून पुन्हा 'तेव्हां' लिहायचा. तुम्ही म्हणायचात डुलकी लागली असेल. मी म्हणायची, दिवसभर लोकांचं रडगाणं ऐकून माणूस दमणार नाही का? पण तिथे आपलं भांडण नव्हतं. तो 'तेव्हां' फिका करायला मी एका पायावर तयार असायची.

भांडण झालं ते धाकू होडीवाल्याच्या जबानीवरून. तुम्हाला पाठ असेल, तरी लिहिते. 'हिरा हिरा हाक मारिली. ओ आली. होडींत घेतली. राघू राघू हाक मारिली. ओ आली. होडींत घेतला.' तुम्ही दुसरी हिरा आणि दुसरा राघू, दोघांना फिकं केलंत. मी दोघांना ठळक ठेवलं. कासूला मी तुम्हाला सांगितलं की आमच्याकडे खाडीवर हाक दोनदाच मारतात. तिन्हीसांजेनंतर कुणी एकदाच हाक मारली तर ओ द्यायची नाही, एकदा हाक मारतं ते माणूस नसतं, हे आम्ही मिठागराच्या पोरींनी आईच्या दुधासोबत घेतलेलं. माझी आई मिठाच्या पाट्या टाकून घरी आली की दारातून ओरडायची, 'पुतळे! गो पुतळे!' पहिलीला मी हलायची नाही. दुसरी ऐकली की धावायची. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, पुरावा? आईची आठवण हा दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदाला पुरावा होत नाही. आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलंत, खाली बघा, 'जनू हाक मारिली. ओ न आली. पाण्यास ओढ फार, सबब पुढें गेलों.' इथे जनू एकदाच आहे. म्हणजे इथे कारकून जागा होता, वरच्या दोन ओळींत पेंगत होता. राग आला, पण तुमचं चुकलं नव्हतं. सुश्रुतनेही तुमच्या बाजूने कौल दिला आणि हिरा-राघू फिके झाले. त्या दिवशी मी तुमच्याआधीच्या गाडीने निघून गेले आणि नागोठण्यापर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

तुमचा स्वभावच तसा, एकदा बोलून मोकळं व्हायचं. दुकानात भाव एकदा विचारणार, फोनवर निरोप एकदा सांगणार, समोरच्याला ऐकू गेलं नाही तर ते त्याचं नशीब. सरोजिनीताई होत्या तेव्हा नवऱ्याबद्दल म्हणायच्या ना, हे एकदाच बोलतात आणि तेही हळू? तुम्हीच मला सांगितलंत आणि सांगून खिडकीबाहेर बघत राहिलात. त्यांच्याबद्दल तुम्ही इतकं थोडं बोलता आणि तरी मला त्या ओळखीच्या वाटतात. प्रतिक्षाच्या माहेरी, जोह्याला, तिच्या वडिलांच्या कारखान्यात आपण गेलो होतो तेव्हा एकाच साच्यातले गणपती रांगेने वाळत बसले होते. तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं, लावा टॅग, पहिला ठेवा आणि बाकीचे फिके करा. तुम्ही इतके हसलात की रंगकाम करणाऱ्या बाया मागे वळून बघायला लागल्या. तुम्हाला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन मी उगाचच आरशासमोर केस विंचरत बसले होते.

आणि मग कोलाड. तिथल्या एका घरात जबान्यांचा आणखी एक गठ्ठा आहे असं कळलं, म्हणून आपण बघायला गेलो. गठ्ठा मिळाला, फोटो काढून झाले, आणि एसटीला वेळ होता म्हणून हायवेवरच्या हॉटेलात बसलो. बाहेर ट्रक घरघरत होते. तुम्ही मिसळीचा रस्सा बाजूला सारलात आणि माझ्याकडे न बघता, मिठाच्या बाटलीकडे बघत मला विचारलंत. तीन वर्षांत पहिल्यांदा अहो-जाहो सोडून. मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं वाटून घेतलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका, शब्द न् शब्द ऐकला. तुम्ही थांबलात. मी पावाचा तुकडा मोडत राहिले. वेटर येऊन पाणी ठेवून गेला. मग तुम्ही उठलात आणि म्हणालात, चला, गाडी येईल. परतताना तुम्ही पुन्हा अहो-जाहोवर आलात. पुढचे दोन महिने कासूला भेटणंही नाही, फक्त फायली.

या दोन महिन्यांत मी काय करत होते ते सांगते. मला वाटत होतं की मी विचार करते आहे. लोक काय म्हणतील हा विचार करून पाहिला. खोतांच्या घरातले तुम्ही आणि मिठागरावरची मी, तुमचे आजोबा बांधावर छत्री धरून उभे राहायचे तेव्हा माझे आजोबा खाली चिखलात असायचे, हाही करून पाहिला. या वयात कशाला, हाही. एकही विचार फार टिकला नाही. मुलाला, निकेशला सांगितलं. कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, चहात खारी बुडवत होता. आधी दोन घोट घेतले. मग म्हणाला, 'आये, तुला बरा वाटतंय ना? मंग झाला. आमचा काय हाय त्यात.' आणि खारी कपात पडली म्हणून चरफडला. प्रतिक्षा तर साडीवर पोचली सुद्धा. म्हणजे घरातून अडचण नव्हती. तरी मी फोन उचलून तुम्हाला सांगत नव्हते. दर संध्याकाळी फोन वाजला की तुमचाच असेल असं वाटायचं, आणि नसला की सगळ्यांवर खेकसायची. असं का, ते मला गेल्या आठवड्यात कळलं.

गेल्या आठवड्यात सुश्रुतने कोलाडच्या गठ्ठ्यातली पानं पाठवली. तुमचं काम संपलेलं, म्हणून यावेळी फक्त मलाच. अजून तुम्ही ती वाचलेली नाहीत. विष्णुपंत, त्यात जनूची जबानी आहे. आपला जनू! धाकूच्या होडीने ज्याला मागे टाकलं तो. मी समजत होते तो बुडाला. तो बुडाला नव्हता. भाताच्या पेंढ्याची उडवी पाण्यावर डोकं काढून उभी होती, तिच्यावर चढून बसला होता. त्याने काय सांगितलं ते जसंच्या तसं उतरवते. 'हाक ऐकिली. होडीचा दिवाही दिसला. परंतु हाक एकच आली. एके हाकेस ओ देऊं नये ऐसी गांवची रीत. सबब दुसरे हाकेची वाट पाहत उडवीवर बसोन राहिलों. दुसरी आली नाहीं. सकाळीं पाणी उतरलियावर चुलत्यानें जनू जनू हाक मारिली, तेव्हां ओ दिली.'

वाचून मी आधी टाळीच वाजवली. हा घ्या पुरावा! हिरा हिरा, राघू राघू, सगळे मुद्दाम लिहिलेले. कारकून पेंगत नव्हता, जशी हाक ऐकली तशी माणसाने सांगितली आणि त्याने तशी लिहून घेतली. जनूला एकच हाक, कारण पाण्याने होडी ओढून नेली आणि धाकूला दुसरी मारता आली नाही. मी सुश्रुतला लगेच कळवलं. त्याने मान्य केलं. हिरा आणि राघू आता पुन्हा ठळक झालेत, उघडून बघा. तुमच्या नावापुढे मी चिडवणारं काहीतरी लिहिणार होते, तुम्हाला फोन करून 'काय पंत, कोण पेंगत होतं?' असं विचारणार होते. फोन हातात घेतला आणि तिथेच हात थांबला. मला तो जनू दिसायला लागला. ओल्या पेंढ्यावर गुडघे छातीशी धरून बसलेला, समोरून दिवा घेऊन होडी चाललेली, तोंड उघडलं की सुटका, आणि हा गाढव आपला गप्प. एवढा का गप्प राहिला असेल म्हणून मी त्याच्यावर संतापले. मोठ्याने म्हणाले सुद्धा, 'अरे ओ दे ना!' आणि मग मला कोलाडचं हॉटेल आठवलं.

मी विचार करत नव्हते हो. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. त्यात भुताखेताची भीती किती आणि लाड किती, ते मलाच सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र सांगता येते. निकेशचे वडील चांगले होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण त्या लग्नात मला कुणी काही विचारलं नव्हतं. दाजी, म्हणजे माझे मोठे काका, ओटीवर बसून बोलणी करून आले आणि आईने मला न्हाऊ घातलं. पुढेही सगळी वर्षं जे व्हायचं ते ठरून माझ्यापर्यंत यायचं. कोलाडला तुम्ही मिठाच्या बाटलीकडे बघत बोललात, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं उत्तर मागत होतं. मला ते इतकं गोड लागलं की पुन्हा एकदा ऐकायचं होतं. एवढंच. आणि तुम्ही म्हणालात, चला, गाडी येईल.

काल इशिताचा फोन आला. तुम्हाला न सांगता केला होता, तिला रागावू नका. म्हणाली, मावशी, खोली तयार आहे, पण शेजारचे सांगतात, बाबा बॅग भरतात आणि संध्याकाळी पुन्हा रिकामी करतात, काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही तिला म्हणालात म्हणे, एकदा विचारलं, उत्तर आलं नाही, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे बाईमाणसाला त्रास देणं. ऐकून मला हसू आलं. भल्या माणसा! तू मला त्रास नको म्हणून गप्प, मी दुसरी हाक आली नाही म्हणून गप्प. जनूला निदान सकाळी घेऊन जायला चुलता आला. मला सकाळपर्यंत थांबायचं नाही, आणि तुला बडोद्याला जाऊ द्यायचं नाही. प्रतिक्षा उद्या पेणवरून जोह्याला जाते आहे, हे पत्र तिच्याकडे देते आहे, तुझ्या हातात देऊनच ती पुढे जाईल. कोलाडला तू विचारलंस, 'पुतळी, माझ्याशी लग्न करशील?' एकदाच विचारलंस, तेवढं पुरे. उत्तर मात्र आमच्या रीतीने घे. हो विष्णू, हो. दोन्ही एकाच ओळीत लिहिले आहेत, मध्ये पान उलटलेलं नाही, तेव्हा डुलकी लागली म्हणायची सोय नाही. दोन्ही मुद्दाम. फिका एकालाही करायचा नाही.

तुझीच,
पुतळी